बंद घराचा गजर घराबाहेर पोहोचविताना

यवतमाळ, प्रतिनिधी

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या, की यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस येथील नव्या ले-आऊटमधील घरांना ओळीने कुलपे दिसू लागतात. मुले पुण्या-मुंबईला नोकरीत आणि आई-वडील महिना-दीड महिना त्यांच्याकडे, असा आता अनेक कुटुंबांचा शिरस्ता झाला आहे. बाहेरगावी जाताना पोलीस ठाण्यात कळवून जा, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, असे आवाहन पोलीस दर हंगामात करतात. तरीही कडी-कोंडा तोडून ऐवज लंपास केल्याच्या बातम्या छापाव्या लागतातच. या बातम्यांत पूर्वी भारतीय दंड संहितेची ४५७ आणि ३८० ही कलमे असत. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची ३३१ आणि ३०५ ही कलमे आली. गुन्ह्याची तऱ्हा मात्र तीच आहे. चोरट्याला हवा असतो तो निवांत वेळ, आणि बंद घर त्याला तो देते.

यावर उपाय म्हणून अनेकांनी घरात बर्गलर अलार्म बसविले आहेत. दाराच्या चौकटीवर चुंबकीय स्विच, दिवाणखान्यात हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर, जिन्याखाली पत्र्याच्या पेटीत कंट्रोल पॅनेल आणि बॅटरी, बाहेरच्या भिंतीवर भोंगा, अशी ही साधी रचना असते. भोंगा ठरावीक मिनिटे वाजतो आणि आपोआप थांबतो. शेजारची दोन घरेही सुटीमुळे बंद असतील, तर तो वाजला काय नि न वाजला काय! पुण्यात बसलेल्या घरमालकाला ही हाक ऐकू यावी यासाठी पॅनेलला जे उपकरण जोडतात, ते म्हणजे नेटवर्क मॉड्यूल.

तळहाताएवढा बोर्ड

नेटवर्क मॉड्यूल हा साधारण तळहाताएवढा सर्किट बोर्ड असतो. त्याच्या एका बाजूला पॅनेलकडून येणाऱ्या तारांचे स्क्रू टर्मिनल आणि दुसऱ्या बाजूला संगणकाच्या नेटवर्कची केबल खोवण्याचे सॉकेट असते. पॅनेल आणि कीपॅड यांच्यात बहुधा चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन संदेशाच्या. त्या तारांवरून चालणारा संवाद मॉड्यूल ऐकतो आणि त्यातील मजकूर घरातील राऊटरमार्फत उत्पादक कंपनीच्या सर्व्हरकडे धाडतो. सर्व्हर तो भ्रमणध्वनीवर पोहोचवितो. काही पॅनेलमध्ये या चार तारांऐवजी मुख्य बोर्डावरच मॉड्यूलसाठी वेगळे सॉकेट दिलेले असते. एका कंपनीचा मॉड्यूल दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलशी सहसा बोलत नाही. म्हणून खरेदीपूर्वी पॅनेलच्या बोर्डावरील मॉडेल क्रमांक लिहून न्यावा. दुकानदाराने दिलेले 'चालून जाईल' हे आश्वासन येथे उपयोगाचे नाही.

घराचा गजर तारेवरून दूर पोहोचविण्याची कल्पना मात्र नवी नाही. अमेरिकेत ऑगस्टस पोप याने १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट घेतले आणि पुढे एडविन होम्स याने ते विकत घेऊन त्याचा व्यवसाय उभारला. बॉस्टनमध्ये १८७७ साली टेलिफोनच्या अगदी सुरुवातीच्या जोडण्यांसाठी होम्सच्या चोरघंटांच्या तारा वापरल्या गेल्या. म्हणजे टेलिफोनच चोरघंटेच्या तारेवरून चालत आला, असे म्हणता येईल!

आपल्याकडे बँका, पतसंस्था आणि सराफांच्या दुकानांतून दूरध्वनीला जोडलेला ऑटो डायलर रूढ झाला. गजर होताच तो नोंदविलेल्या क्रमांकांवर एकामागून एक फोन लावी. त्याची दुर्बलता उघड होती, कारण खांबावरून आलेली तार बाहेरच तोडता येई. परंतु एक गुण असा होता, की तांब्याच्या दूरध्वनी तारेवर दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांवरून सुमारे ४८ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा येत असे. भारनियमनाच्या काळात अख्खे गाव अंधारात बुडाले तरी फोन सुरू राही, तो यामुळेच. त्यानंतर सिमकार्डवर चालणारे डायलर आले. त्यांना तार नको, पण रिचार्ज हवा. वर्षभर कोणी न वापरलेल्या सिमची मुदत संपते, सेवा बंद होते आणि पेटीतल्या त्या सिमची आठवण चोरी झाल्यावरच येते. जुने डायलर केवळ २जी जाळ्यावर चालतात, हेही ध्यानात ठेवावे. जिओच्या जाळ्यात २जी मुळातच नसल्याने त्यात जिओचे सिम घालून काम होत नाही.

आता घरोघरी फायबर आला. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. भिंतीवरील फायबरचा डबा आणि राऊटर या दोहोंना घरातलीच वीज लागते. ऑटो डायलरकडून नेटवर्क मॉड्यूलकडे वळताना नेमके काय गमावले, ते येथे आहे. अलार्म पॅनेलला स्वतःची बॅटरी असते, राऊटरला नसते. वीज गेल्यावर पॅनेल जागे असते, मॉड्यूलही जागा असतो, पण त्यांच्यासमोरचा रस्ताच बंद झालेला असतो. मॉड्यूल बसविण्याचे निम्मे काम स्क्रू आणि तारांचे, तर उरलेले निम्मे राऊटरला वीज पुरविण्याचे आहे. दुसऱ्या निम्म्याची चर्चा बसवून देणारे क्वचितच करतात.

जागा आणि पेटी

मॉड्यूल शक्यतो पॅनेलच्या पत्र्याच्या पेटीतच बसवावा. पेटीला उघडझाप कळविणारा टॅम्पर स्विच असतो, त्यामुळे मॉड्यूलवरही त्याचा पहारा राहतो. बोर्डाची मागील बाजू पत्र्याला टेकता कामा नये, म्हणून सोबत दिलेले प्लास्टिकचे आधार पेटीच्या भोकांत बसवून त्यांवर बोर्ड दाबून बसवितात. भोके जुळत नसतील तर नव्याने पाडावी लागतात. त्या वेळी आतील बोर्ड कागदाने वा कापडाने नीट झाकून घ्यावेत, कारण ड्रिलचा लोखंडी कीस बोर्डावर सांडला तर तो पुढे कधीही शॉर्ट करू शकतो. बोर्ड हाताळण्यापूर्वी पेटीच्या अर्थिंग केलेल्या भागाला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी.

वायफायवर चालणारा मॉड्यूल असल्यास पेटीचा प्रश्न उलटा होतो. पत्र्याची बंद पेटी रेडिओ लहरी अडविते. त्यामुळे त्याचा अँटेना पेटीबाहेर काढावा लागतो किंवा मॉड्यूल शेजारी प्लास्टिकच्या डब्यात लावावा लागतो. एकंदरीत तारेची जोडणी अधिक भरवशाची. वायफायचा पासवर्ड कोणी बदलला, की मॉड्यूल गप्प होतो आणि घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

जागेच्या निवडीत यवतमाळच्या हवेचा विचार करावाच लागतो. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर, टिनाच्या छताखाली किंवा माळ्यावर पेटी लावली, तर बोर्ड कदाचित तग धरील. बॅटरीचे मात्र हाल होतात. शिसे-आम्लाच्या बंद बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांमागे साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. म्हणून घराच्या मधल्या खोलीतील आतली भिंत उत्तम. पेटीला न वापरलेली भोके राहिली असतील तर ती बुजवावीत. मुंग्या आणि पाली यांना उबदार पेटी फार आवडते आणि पालीच्या विष्ठेने गंजलेले टर्मिनल ही काही नवलाची गोष्ट नव्हे.

जोडणीपूर्वीचा हिशेब

मॉड्यूल जोडण्याआधी पॅनेलच्या विजेची बेरीज करणे आवश्यक आहे. कीपॅड, सेन्सर आणि मॉड्यूल या सर्वांना पॅनेलच्या 'ऑक्झिलरी' टर्मिनलवरून १२ ते १३.८ व्होल्टचा पुरवठा होतो आणि त्याला मर्यादा असते. ही मर्यादा आणि प्रत्येक उपकरणाची गरज माहितीपत्रकात मिलीअँपिअरमध्ये दिलेली असते. उदाहरणच घ्यायचे तर, पॅनेलचा बोर्ड स्वतः १००, कीपॅड १००, चार पीआयआर सेन्सर प्रत्येकी १५ प्रमाणे ६० आणि मॉड्यूल १४० मिलीअँपिअर घेत असेल, तर बेरीज ४०० होते. पेटीत ७ अँपिअर-तासाची बॅटरी असल्यास कागदावर साडेसतरा तास मिळतात. बॅटरी दोन उन्हाळे जुनी असून तिची क्षमता साठ टक्क्यांवर आली असेल, तर हाती जेमतेम साडेदहा तास येतात. मॉड्यूल नसता तर नव्या बॅटरीवर हेच पॅनेल जवळपास २७ तास चालले असते. मॉड्यूल घेताना बॅटरीही नवी घ्यावी, असे जाणकार सांगतात, ते यासाठीच.

प्रत्यक्ष तारा

पॅनेल चालू असताना तारांना हात लावू नये. प्रथम मुख्य पुरवठा, म्हणजे पॅनेलच्या ट्रान्सफॉर्मरकडे जाणारी २३० व्होल्टची वीज बंद करावी. त्यानंतर बॅटरीची लाल तार काढावी. नुसती वीज बंद करून भागत नाही, बॅटरीवर बोर्ड जिवंतच असतो आणि स्क्रू-ड्रायव्हर निसटला तर फ्यूज किंवा त्याहून महाग काही जाते. २३० व्होल्टच्या बाजूचे कोणतेही काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

चार तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात. कॅनडाच्या डीएससी कंपनीच्या पॅनेलवर लाल टर्मिनल धन, काळे ऋण आणि पिवळे व हिरवे संदेशाचे असते. मॉड्यूलवरील चिन्हे पाहून लाल लालला, काळी काळीला अशी जोडणी करायची. पिवळी-हिरवीची अदलाबदल झाली तर सहसा काही जळत नाही, मॉड्यूल फक्त मुका राहतो. लाल-काळीची अदलाबदल झाल्यास मात्र बोर्ड जाऊ शकतो. तारेचे टोक सहा-सात मिलिमीटरच सोलावे. उघडे तांबे टर्मिनलबाहेर डोकावता कामा नये, आणि स्क्रू आवळल्यावर तार हलकेच ओढून पाहावी. एकाच स्क्रूखाली चार-चार तारा कोंबण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यापेक्षा बाहेर एक जोड करून एकच तार टर्मिनलमध्ये न्यावी.

राऊटरपर्यंतची केबल कॅट-५ई किंवा कॅट-६ प्रतीची असावी. तिची कमाल लांबी १०० मीटर. घरासाठी ती पुरून उरते. दोन्ही टोकांना आरजे-४५ प्लग एकाच क्रमाने बसवावेत. आपल्याकडे प्रचलित क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा आहे. ही केबल २३० व्होल्टच्या तारांबरोबर एकाच पाइपातून नेऊ नये. घर बांधतानाच वेगळा पाइप टाकून ठेवला असेल तर पुढे भिंत फोडावी लागत नाही; बांधकाम सुरू असलेल्यांनी हे मनावर घ्यावे.

सर्व जोडण्या पुन्हा तपासून मगच पॅनेलच्या माहितीपत्रकातील क्रमाने बॅटरी व वीज जोडावी. सॉकेटवरील दिवा लागला म्हणजे राऊटरशी गाठ पडली. त्यानंतर कीपॅडवरून मॉड्यूलची पॅनेलमध्ये नोंदणी करावी लागते. यासाठी तंत्रज्ञाचा सांकेतिक क्रमांक लागतो आणि तो घरमालकाला देण्यास अनेक जण खळखळ करतात. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राची किल्ली आपल्याकडे हवी, एवढे म्हणण्याचा हक्क ग्राहकाला निश्चितच आहे.

मेन स्विचची सवय

बाहेरगावी निघताना मेन स्विच आणि इन्व्हर्टर बंद करण्याची पद्धत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. शॉर्टसर्किटची भीती रास्त आहे. पण अलार्मसाठी ही सवय घातक ठरते. वरच्या उदाहरणातील घरमालक संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघाला आणि मेन स्विच बंद करून गेला, तर राऊटर त्याच क्षणी मेला. पॅनेलची बॅटरीही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिकामी झाली. पुढचा महिनाभर घरात अलार्म असून नसल्यासारखा राहतो. शिवाय पूर्ण रिकामी होऊन पडून राहिलेली शिसे-आम्लाची बॅटरी पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही.

अलार्म, फायबरचा डबा आणि राऊटर यांचे सर्किट वायरमनकडून वेगळे काढून घेणे हा यावर उपाय. त्यावर ठळक चिठ्ठी लावावी आणि जाताना बाकीचे एमसीबी उतरवून तेवढा एक चालू ठेवावा. गळती ओळखणारा संपूर्ण घराचा एकच स्विच असल्यास, गिझरच्या ओलीमुळे किंवा गडगडाटात तो पडला तर वर करायला घरात कोणी नसते. म्हणून या सर्किटला संरक्षणही स्वतंत्र द्यावे. राऊटरसाठी मिळणारे छोटे यूपीएस काही तास निभावून नेतात. मान्सूनपूर्व वादळात झाडे तारांवर पडून दिवसभर वीज गेली तर ते पुरत नाहीत. घरात १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीचा इन्व्हर्टर असेल, तर केवळ फायबरचा डबा आणि राऊटर तो दिवसभराहून अधिक काळ चालवू शकतो. पॅनेलच्या ऑक्झिलरी टर्मिनलवरून राऊटर चालविण्याची युक्ती कोणी सुचविली तर ती मान्य करू नये. राऊटर एकटाच पॅनेलची बॅटरी फस्त करतो.

आकाशातील वीज

मे-जून आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत विदर्भात विजांचे थैमान असते. वीज कडाडू लागली की टीव्हीचा, राऊटरचा प्लग काढणे हे घरातील कुणाचे तरी ठरलेले काम. बंद घरात ते करणार कोण? वीज घरावरच पडावी लागते असे नाही. जवळपास कोसळली तरी लांबच लांब तारांत विजेचा झटका उपजतो. फाटकापर्यंत किंवा मागच्या आऊटहाऊसपर्यंत नेलेली सेन्सरची तार, गच्चीवरील भोंग्याची तार ही त्याची येण्याची वाट. फायबर स्वतः वीज वाहून नेत नाही, पण खांबावरून घरात येणाऱ्या फायबरच्या केबलला ताण सोसण्यासाठी बहुधा पोलादी तार जोडलेली असते. ती घराबाहेरच कापून वेगळी करावी.

मुख्य बोर्डावर झटकारोधक उपकरण बसविणे उपयुक्त ठरते. पण ते अर्थिंगशिवाय निरुपयोगी आहे. अर्थिंगची भारतीय मानक संहिता आयएस ३०४३ ही आहे. जिल्ह्यातील बऱ्याच भागांत काळी, भेगाळणारी जमीन आहे. पावसाळ्यात ती अर्थिंगला अनुकूल. उन्हाळ्यात मात्र कोरडी पडून सळईपासून सुटते आणि रोध वाढतो. पहिल्या गडगडाटाच्या वेळी जमीन नेमकी याच अवस्थेत असते. निघण्यापूर्वी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतण्याचा जुना सल्ला म्हणूनच शास्त्राला धरून आहे. अर्थिंगचा रोध मीटरने मोजून घेतला तर उत्तमच.

जोडणी झाल्यावर

मॉड्यूलचा आणि राऊटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर ताब्यात घेतले, ते असे मूळ पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून. मॉड्यूलशी बाहेरून बोलता यावे यासाठी राऊटरमध्ये 'पोर्ट' उघडून देण्याचा आग्रह काही तंत्रज्ञ धरतात. चांगल्या मॉड्यूलला त्याची गरज नसते; तो स्वतःच आतून बाहेर सर्व्हरशी संपर्क साधतो.

त्यानंतरची चाचणी घाईने उरकू नये. दार उघडून भोंगा वाजवून पाहणे ही चाचणीची केवळ सुरुवात. मुख्य वीज बंद करून पाहावे. वीज गेल्याचा संदेश आला पाहिजे आणि त्यानंतर दिलेला गजरही पोहोचला पाहिजे. मग राऊटर बंद करावा. आता मॉड्यूलला काहीच कळविता येत नाही, म्हणून कळविण्याची जबाबदारी सर्व्हरवर येते. मॉड्यूल ठरावीक वेळाने सर्व्हरकडे हजेरी लावतो. ती चुकली की 'तुमच्या घराशी संपर्क तुटला' असा संदेश आला पाहिजे. ही सोय अनेकदा मुळात बंद ठेवलेली असते किंवा वेगळ्या वर्गणीत येते. खरेदी करताना याविषयी स्पष्ट विचारावे, कारण ती नसेल तर भ्रमणध्वनीवरील शांततेचा अर्थ 'घर सुरक्षित आहे' असाही होतो आणि 'यंत्र मेले आहे' असाही.

संदेश मिळाल्यावर पुण्यातील माणूस स्वतः काही करू शकत नाही. तो शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यामुळे संदेश जाणाऱ्यांच्या यादीत गावातील किमान दोन माणसे हवीत, आणि सुटीत ती दोघेही बाहेरगावी जाणारी नसावीत. शेजारच्या काकांना एकट्याने घरात शिरण्यास सांगू नये. बाहेरून पाहून, कुलूप तुटलेले दिसल्यास ११२ क्रमांकावर कळवावे. मॉड्यूलवरून थेट पोलिसांना आपोआप फोन लावण्याची योजना करू नये. पाल सेन्सरवरून गेली तरी गजर होतो, आणि अशा चार खोट्या हाकांनंतर पाचवीचे गांभीर्य राहत नाही.

इंटरनेट कंपनीचा माणूस जुना राऊटर बदलून नवा बसवून गेला, तर त्याच दिवशी ही सर्व चाचणी पुन्हा करावी. नव्या राऊटरचा प्लग यूपीएसऐवजी शेजारच्या साध्या सॉकेटमध्ये खोवलेला असतो आणि मॉड्यूलची केबल मागे लोंबकळत राहिलेली असते, असे सर्रास घडते.